पत्र कुणाच्या हाती पडलं?

जागल्याच्या नीतीबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. त्यानं संस्थेबाहेर जायला हवं होतं का? आधी साहेबांना सांगितलं होतं का? त्याचा स्वतःचा काही डाव तर नव्हता? ज्या संस्थेनं पोसलं तिचीच अब्रू चव्हाट्यावर मांडणं शोभतं का? एमबीएच्या वर्गात यावर केस स्टडी होतात. यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरात तर हा हक्काचा विषय. उमेदवार चार पर्याय लिहितो, प्रत्येकाचे फायदे-तोटे मांडतो आणि शेवटी 'ही बाब योग्य मार्गाने वरिष्ठांच्या निदर्शनास आणीन' असं लिहून गुण घेतो.

माझं म्हणणं असं आहे की ही परीक्षा चुकीच्या माणसाची घेतली जाते. ज्यानं पत्र लिहिलं, त्याला आपण उलटसुलट तपासतो. ज्याच्या हाती ते पत्र पडलं, त्याला कुणी काही विचारत नाही.

सत्येंद्र दुबेचं प्रकरण घ्या. तुमच्यातल्या अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बिहारमधल्या सिवान जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, वडील साखर कारखान्यात कारकून. आयआयटी कानपूरमधून सिव्हिल इंजिनिअर झाला आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात आला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन तेव्हा बांधला जात होता. दुबेची नेमणूक झारखंडमधल्या कोडरम्याला झाली. तिथे त्यानं कंत्राटदाराला सहा किलोमीटरचा निकृष्ट रस्ता पुन्हा करायला लावला आणि त्याच्या तीन इंजिनिअरांना कामावरून दूर करायला भाग पाडलं. म्हणजे 'आधी आतल्या आत प्रयत्न केला होता का' या लाडक्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: केला होता.

नोव्हेंबर २००२ मध्ये त्यानं पंतप्रधानांना पत्र लिहिलं. त्यात कुणाला शिव्या नाहीत, कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे नाहीत. कामाचे आराखडे कच्चे आहेत, कंत्राटदारांना दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमांत घोळ आहे, मोठ्या कंपन्या काम पटकावतात आणि ऐपत नसलेल्या पोटकंत्राटदारांच्या गळ्यात मारतात, असा सगळा इंजिनिअरी मजकूर. निनावी पत्राला कुणी विचारत नाही हे ठाऊक असल्यानं त्यानं स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली.

पत्र पंतप्रधान कार्यालयातून रस्ते वाहतूक मंत्रालयात गेलं, तिथून फिरून महामार्ग प्राधिकरणात आलं. ज्यांच्या कारभाराबद्दल तक्रार होती त्यांच्याच दारात. फाइल पुढे सरकत राहिली आणि तिच्याबरोबर तो वेगळा कागदही सरकत राहिला.

२७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे दुबे एका लग्नाहून परतताना गया स्टेशनवर उतरला. न्यायला आलेली गाडी सुरू होत नव्हती, म्हणून रिक्षा केली. वाटेत त्याला गोळी घातली गेली. वय जेमतेम तीस.

सीबीआयनं तपासाअंती ही लूटमारीतून झालेली हत्या असल्याचं सांगितलं आणि २०१० मध्ये पाटण्याच्या न्यायालयानं तिघांना दोषी ठरवलं. घरच्यांना हे पटलं नाही. पण वादापुरतं धरून चालू की ती निव्वळ लूटमार होती, पत्राशी तिचा काही संबंध नव्हता. तरीही एक गोष्ट शिल्लक राहतेच. एका माणसानं देशातल्या सर्वोच्च कार्यालयाला सांगितलं होतं की माझं नाव कुणाला सांगू नका, आणि ते सांगितलं गेलं. विश्वासघात झाला तो तिथे, त्या टेबलांवर. आणि तो करायला कुणाला फारसं काही करावंही लागलं नाही. नेहमीसारखा 'पुढील कार्यवाहीसाठी' असा शेरा मारायचा आणि पिनेत अडकवलेले सगळे कागद पुढे पाठवायचे, इतकंच.

गुपित नेमकं कुणी फोडलं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पेपरात मी अजून पाहिलेला नाही.

'खाल्ल्या मिठाला जागावं' ही आपल्या संस्कारातली एक जबरदस्त गोष्ट आहे आणि जागल्याच्या विरोधात ती पहिल्यांदा बाहेर काढली जाते. मला ती म्हण आवडते. फक्त मीठ कुणाचं, ते नीट पाहिलं पाहिजे. दुबेचा पगार महामार्ग प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या खिशातून येत नव्हता. पेट्रोल-डिझेलवरच्या अधिभारातून तो चतुष्कोन बांधला जात होता, म्हणजे स्कूटरमध्ये पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकणारा प्रत्येक जण त्यात पैसे घालत होता. मिठाला जागायचं तर त्या स्कूटरवाल्याच्या मिठाला. खासगी कंपनीतही पगार 'सर' देत नसतात. भागधारक, ठेवीदार, ग्राहक यांचा तो पैसा असतो. सरांच्या हातात फक्त सहीचं पेन असतं. सही करणाऱ्याला अन्नदाता समजण्याची सवय आपल्याला सरंजामी काळातून लागली आहे आणि ओपन ऑफिस, बीन बॅग, शुक्रवारचा पिझ्झा आला तरी ती गेलेली नाही.

मराठी वर्तमानपत्रांनी व्हिसलब्लोअरसाठी 'जागल्या' हा शब्द वापरात आणला, तो फार नेमका आहे. रात्री गाव झोपलेलं असताना राखण करणारा तो जागल्या. त्याला ओरडण्यासाठीच ठेवलेलं असे. चोर दिसल्यावर तो ओरडला, तर 'तू आधी पाटलाच्या परवानगीनं, योग्य मार्गानं का नाही ओरडलास' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. (या शब्दाभोवती उगाच सोनेरी झिलई चढवायचंही कारण नाही. गावाची राखण करणारे बहुतेक गावकुसाबाहेरचेच होते, आणि त्यांच्या हाकेवर विसंबून झोपणारं गाव दिवसा त्यांना कसं वागवत होतं हे आपल्याला माहीत आहे. त्या अर्थानंही शब्द नेमकाच आहे.)

आता चहाडीचं बघू, कारण जागल्याला चहाडखोर म्हणणं हा दुसरा आवडता उद्योग. शाळेत मॉनिटर फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायचा आणि मधल्या सुट्टीत त्याची वाट लागायची. ती बरोबरच लागायची, असं मला अजूनही वाटतं. चहाडी म्हणजे आपल्यासारख्याच दुबळ्याची कागाळी बलवानाकडे करून स्वतःची जागा पक्की करणं. जागल्या उलट्या दिशेनं जातो. बलवान काय करतोय ते तो ज्यांना भोगायला लागणार आहे त्यांच्या कानावर घालतो, आणि त्यात त्याची जागा पक्की होत नाही, उडते. या दोन गोष्टींना एकच नाव देणं सोयीचं असेल तर ते मॅनेजरला.

मग येतो हेतूचा प्रश्न. इथे आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. २०१२ मध्ये जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे, तेव्हा नाशिकच्या 'मेटा' या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत होते, त्यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरकारभाराबद्दल वरपर्यंत लेखी कळवलं. पत्र बाहेर आलं, गदारोळ झाला. त्या सप्टेंबरात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते पुन्हा त्या पदावर आले. मधे श्वेतपत्रिका निघाली, पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पवारांविरुद्ध पुरावा नसल्याचं लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगितलं. पांढरे २०१४ मध्ये आम आदमी पक्षाकडून नाशिकमध्ये लोकसभेला उभे राहिले आणि पडले. उभे राहिल्याबरोबर अनेकांना साक्षात्कार झाला: 'बघा, म्हणून पत्र लिहिलं होतं!'

समजा म्हणूनच लिहिलं होतं. त्यामुळे कालव्यात पाणी आलं का? धरणाचा खर्च किती पटींनी वाढला, हे वाढवलेल्या आकड्यांच्या फायली सांगतील. पांढऱ्यांच्या मनात काय होतं त्यावरून ते ठरत नाही. आग लागलीय असं ओरडणाऱ्याला शेजाऱ्याचं घर जळलेलं हवं होतं का, याची चौकशी आग विझल्यावर करता येते.

दिनेश ठाकूर यांचं प्रकरण याहून झणझणीत आहे. रॅनबॅक्सी या भारतीय औषध कंपनीत ते अधिकारी होते. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बनावट असल्याचं कंपनीतल्याच तपासणीत दिसून आलं, वरिष्ठांपुढे ते मांडलंही गेलं. म्हणजे इथेही पत्र आधी घरच्याच पत्त्यावर गेलं होतं. काही घडलं नाही. ठाकूर २००५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी अमेरिकेच्या औषध नियामकाला कळवलं. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेनं गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. तिथल्या कायद्यानुसार ठाकूर यांना त्यातले सुमारे ४.८ कोटी डॉलर मिळाले. हा कायदा १८६३ चा, यादवी युद्धाच्या काळातला. सैन्याला सडका माल विकणाऱ्या कंत्राटदारांना पकडून देणाऱ्याला वसुलीत वाटा द्यायचा, असा रोखठोक व्यवहार.

आपल्याला ती रक्कम ऐकून कसंतरी होतं. आपला जागल्या फकीर हवा, निःस्वार्थ हवा, शक्यतो मेलेला हवा. मेला की त्याच्या नावानं पुरस्कार देता येतो. आयआयटी कानपूर दुबेच्या नावानं पुरस्कार देतं, चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या माणसाची नोकरी, बढती, पुढच्या नोकरीची शिफारस, झोप असं सगळं पणाला लागतं, त्याला भरपाई मिळाली तर त्यात नैतिक घसरण कुठली? पगार घेणाऱ्या पोलिसाला आपण स्वार्थी म्हणत नाही. अमेरिका यात फार सोवळी आहे असंही नाही. तिथे औषध कंपनीविरुद्ध बोलणाऱ्याला वाटा मिळतो आणि सरकारच्या पाळतीविरुद्ध बोलणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला २०१३ पासून रशियात राहावं लागतं. पैशाच्या बाबतीत तो देश ऐकून घेतो, सत्तेच्या बाबतीत कान झाकतो. आपल्याकडे दोन्ही बाबतीत कानावर हातच.

अर्थात आपल्याकडे काहीच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. दुबेच्या खुनानंतर ओरड झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारनं एक ठराव काढला. केंद्रीय अधिकाऱ्यांविरुद्धची अशी तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करायची. त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. पाकीट बंद हवं. पाकिटावर 'जनहितार्थ प्रकटीकरणाखालील तक्रार' असं लिहिलेलं हवं, पण तक्रारदाराचं नाव नको. नाव आतल्या पत्रात हवंच, कारण निनावी पत्राची दखल घेतली जाणार नाही. पोच मिळणार नाही, आणि तक्रारदारानं स्वतःच्याच हितासाठी पुढे पत्रव्यवहार करू नये. या प्रत्येक ओळीमागे दुबेचं पत्र आहे, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. कुणीतरी विचार केला आहे. पण हा ठराव आहे, संसदेचा कायदा नव्हे, आणि बंद पाकीट उघडल्यावर पुढे काय, याची भिस्त पुन्हा उघडणाऱ्याच्या सचोटीवर.

शिवाय गुप्तता म्हणजे नाव झाकणं, एवढंच समजलं जातं. ज्यानं नोकरी केली आहे त्याला हे हास्यास्पद वाटेल. समजा एखादं बिल फक्त तीन माणसांच्या नजरेखालून गेलं. तक्रारीत त्या बिलाचा नंबर आला की नाव वेगळं सांगायची गरज उरत नाही. तिघांतले दोघे साहेबांबरोबर जेवायला जातात, तिसरा डबा आणतो. पत्र स्वीकारणाऱ्यानं ते तसंच्या तसं खाली पाठवलं तर नावावर काळी पट्टी मारूनही त्यानं जागल्याला उघडाच पाडलेला असतो. त्याचं खरं कौशल्य म्हणजे तक्रारीतली माहिती अशी वेगळी करणं, की जणू ती नेहमीच्या लेखापरीक्षणात सापडली. पंधरा बिलं मागवायची, त्यात ते एक. याला वेळ लागतो, डोकं लागतं आणि मुख्य म्हणजे पाठवणाऱ्याची थोडी काळजी लागते.

तुम्ही खासगी नोकरीत असाल तर वर्षातून एकदा तुम्हाला लिंक येत असेल. एथिक्सचा कोर्स, अनिवार्य. स्लाइड आपोआप पुढे जातात, आपण दुसऱ्या टॅबमध्ये काम करतो. शेवटी प्रश्न: तुमच्या मॅनेजरनं खोटं बिल मंजूर केल्याचं दिसलं तर काय कराल? अख्ख्या ऑफिसला दहापैकी दहा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार सूचिबद्ध कंपन्यांना अशा तक्रारींसाठी यंत्रणा ठेवावी लागते, आणि अपवादात्मक प्रसंगी कर्मचाऱ्याला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाता आलं पाहिजे. आता खरं सांगा, तुमच्या कंपनीच्या ऑडिट कमिटीचं अध्यक्ष कोण आहे? आणि ती जी हॉटलाइनची ईमेल आहे, ती कोण उघडतं? एचआर उघडत असेल तर एचआरचं अप्रेझल कोण करतं? ही तीन उत्तरं त्या कोर्समध्ये नसतात. माझ्या मते ती तीनच असली तरी चाललं असतं, बाकी सगळा कोर्स काढून टाका.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खोट्या तक्रारी होतात. सूडापोटी होतात, बढती हुकली म्हणून होतात, जात बघून होतात. हॉस्पिटलमधल्या पेशंटचे रिपोर्ट किंवा सहकाऱ्याचे खासगी चॅट चव्हाट्यावर टाकणारा स्वतःला जागल्या म्हणवून घेऊ शकत नाही. लोकांना हानी पोहोचवणारी गोष्ट आणि लोकांच्या कुतूहलाची गोष्ट यांत फरक आहे. पण खोट्या तक्रारीची भीती दाखवणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की खरी-खोटी ठरवण्याचं कामदेखील पत्र घेणाऱ्याचंच आहे. त्यानं ते गुपचूप आणि नीट केलं, तर निरपराध अधिकाऱ्याची अब्रूही शाबूत राहते. ते होत नाही म्हणून तर माणसं शेवटी पत्रकाराकडे किंवा ट्विटरवर जातात, आणि मग 'बाहेर का गेलास' म्हणून त्यांनाच झापलं जातं.

बाहेरून लढणाऱ्यांची गत वेगळी नाही. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकारातून पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या परिसरातले जमिनींचे व्यवहार उघडे पाडले. धमक्या आल्या म्हणून पोलीस संरक्षण मागितलं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. तेव्हा संरक्षण नव्हतं. तपास सीबीआयकडे गेला आणि २०१४ मध्ये सीबीआयनं तो बंद करत असल्याचं न्यायालयाला सांगितलं. संरक्षणाचा तो अर्जही कुणाच्या तरी टेबलावर होता. त्या टेबलाचं नाव आपल्याला आठवत नाही, शेट्टींचं आठवतं. आपली स्मृती नेहमी अशीच काम करते: बळी लक्षात राहतो, अर्ज घेणारा पेन्शनवर जातो.

हे सगळं तरुणांना का सांगायचं? कारण तुमच्यापैकी बहुतेकांवर पत्र लिहिण्याची वेळ कधी येणार नाही. पण पत्र हाती पडण्याची येईल, आणि ते पाकिटातून येणार नाही. टपरीवर चहा पिताना टीममधली एखादी मुलगी म्हणेल, 'तुला एक सांगू? टेस्ट न करताच रिपोर्टवर पास लिहायला लावतायत.' किंवा रात्री साडेअकराला एक स्क्रीनशॉट येईल, खाली 'कुणाला सांगू नकोस'. त्या क्षणी तुम्ही पंतप्रधान कार्यालयातले ते टेबल झालेले असता. 'तू कशाला पडतेस यात' असं म्हणता येतं. ग्रुपवर 'कुणीतरी म्हणत होतं' अशी पुडी सोडता येते, आणि कुणीतरी म्हणजे कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. किंवा तिला विचारता येतं की तुझ्याकडे कागद आहेत का, तारखा लिहून ठेवल्यास का, तुझ्याशिवाय हे आणखी किती जणांना माहीत आहे, आणि मी साक्षीला उभा राहिलो तर चालेल का. यातलं शेवटचं वाक्य उच्चारणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आणि सरकारनं काय करायचं, तर स्वतःच केलेला कायदा लागू करायचा. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केला, मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. तो काही परिपूर्ण नाही. निनावी तक्रारीला त्यातही जागा नाही आणि खासगी कंपन्यांतल्या गैरव्यवहाराला तो हात लावत नाही. पण बदली किंवा निलंबन सूडापोटी नव्हतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात अधिकाऱ्यांवर टाकलेली आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कलम १७ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. आणि तक्रारदाराचं नाव कुणी निष्काळजीपणानं किंवा दुष्ट हेतूनं फोडलं तर कलम १६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. 'निष्काळजीपणानं' हा शब्द पुन्हा वाचा. नाव फोडणं खोट्या तक्रारीपेक्षा मोठा गुन्हा आहे, असं या देशाच्या संसदेनं लिहून ठेवलं आहे.

फक्त कायदा कोणत्या तारखेपासून अमलात येईल, ती तारीख केंद्र सरकारनं अधिसूचनेनं जाहीर करायची आहे. २०१५ मध्ये सरकारनं तारीख देण्याऐवजी दुरुस्ती विधेयक आणलं, जागल्यानं कोणत्या दहा प्रकारच्या माहितीबद्दल बोलायचंच नाही याची यादी त्यात होती. लोकसभेत ते मंजूर झालं, राज्यसभेत पडून राहिलं आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर रद्द झालं. मूळ कायदा राजपत्रात छापलेला आहे. तारखेची अधिसूचना अजून निघालेली नाही, आणि कलम १६ खाली आजवर एकाही टेबलाला एक दिवसाचीही शिक्षा होऊ शकलेली नाही.